टाकळी (बेंबळी) : लहान गावांच्या नावांची कुळकथा

धाराशिव तालुक्यातल्या एका गावाचे नाव दफ्तरात ‘टाकळी (बेंबळी)’ असे लिहितात. टाकळी नावाची गावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत. म्हणून ओळखीसाठी शेजारच्या मोठ्या गावाचे, बेंबळीचे, नाव कंसात जोडले गेले. लहान गावांची नावे अशी थराथरांनी घडली आहेत.

सर्वांत खालचा थर जमिनीचा. टाकळी हे झुडपाचे नाव आहे. याच भागातल्या रुईभरमध्ये रुई, करजखेड्यात करंज आणि चिखलीत चिखल ऐकू येतो. वस्तीच्या जागेला पांढरी आणि भोवतालच्या शेतजमिनीला काळी म्हणण्याची जुनी रीत आहे. गावाचे नाव बहुधा त्या मातीत जे दिसले त्यावरूनच पडे.

दुसरा थर वस्तीच्या प्रकाराचा. ‘गाव’ आले ‘ग्राम’मधून, ‘खेडे’ ‘खेट’मधून, तर ‘वाडी’च्या मुळाशी कुंपणाने बंदिस्त केलेली जागा आहे. शेत लांब पडे, तेव्हा राखणीसाठी आणि गुरांसाठी काही घरे रानातच राहत. घरे वाढली की वाडी होई. तिला एखाद्या घराण्याचे, देवाचे किंवा झाडाचे नाव मिळे. तांडा म्हणजे मूळचा बंजाऱ्यांचा बैलांचा काफिला. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने त्यांची मालवाहतूक हिरावली, काफिले स्थिरावले आणि त्यांच्या वस्त्यांना तांडा हेच नाव राहिले.

तिसरा थर कारभाराचा. गावाचे दोन भाग झाले की धाकट्याला ‘खुर्द’ आणि थोरल्याला ‘बुद्रुक’ म्हणत. हे शब्द फारसीतले. बुद्रुक हे ‘बुजुर्ग’चे मराठी रूप.

उच्चारानेही नावे झिजतात. याच तालुक्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. याउलट 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर किल्लारीसारखी गावे नव्या जागी वसली, पण नावे जुनीच राहिली. काही नावे ठरवूनही बदलली जातात. डिसेंबर 2020मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. माणसाला हीन ठरवणारे नाव गेलेच पाहिजे. मात्र झाड, ओढा, माळ यांची नावे सांगणाऱ्या वाड्या-वस्त्यांची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीने जाणत्या माणसांकडून आजच करून घ्यावी.