तांबेऱ्याच्या साली

माझ्या अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९४५. आमच्या पिढीपर्यंत निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलेला आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. गुरुजींनी पोराला उभं केलं, हात डोक्यावरून कानाला लावायला सांगितला, आणि कान धरता आला म्हणून वर्ष ठोकून दिलं. पण दादी असेपर्यंत तिला ही तारीख मान्य नव्हती. ती म्हणायची, "गलत लिख्या मास्तरनं. तेरा अब्बा तांबेरे के साल का." म्हणजे कोणतं साल, असं विचारलं तर ती चिडायची. ज्या साली तांबेरा पडला ते साल! याहून वेगळं साल असतं कशाला?

वाईच्या खाली कृष्णाकाठी आमचं गाव. दादाजींची तीन एकर जमीन. त्यातल्या दोन एकरांत बन्सी गहू आणि विहिरीच्या मोटेखाली थोडीशी खपली. दादी सांगायची, त्या साली गहू निसवला तेव्हा पाहणाऱ्याची दृष्ट लागावी असा होता. मग आभाळ आलं. ऐन थंडीत दोन-तीन दिवस भुरभुर पाऊस झाला. आठ-पंधरा दिवसांनी दादाजी रानातून घरी आले ते गुडघ्यापर्यंत विटकरी होऊन. पांढरी इजार अशी दिसत होती की कुणी गेरूच्या पाण्यात बुचकळून काढावी. पुढे ताटं काळी पडली. खळ्यावर जो दाणा आला तो जिऱ्यासारखा. त्याच पंधरवड्यात अब्बा जन्मले. वाचली ती फक्त मोटेखालची खपली. त्या वर्षी मोहरमचे चोंगे खपलीच्या पिठाचे केले, हेही दादीच्या लक्षात होतं.

पुढे मी अकरावी-बारावीला विज्ञान घेतलं. (झेपलं नाही, नंतर बी.ए. केलं आणि कविता लिहू लागलो.) जीवशास्त्राच्या पुस्तकात बुरशीवर एक धडा होता. पावावरची बुरशी, किण्व, भूछत्र आणि शेवटी गव्हाचा तांबेरा. सर म्हणाले, याचे पाच प्रकारचे बीजाणू असतात, नावं पाठ करा, हमखास प्रश्न आहे. मी पाठ केली आणि विसरलो. ती नावं म्हणजे दादाजींच्या इजारीवरचा तो गेरू, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. ही गोष्ट कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

माणसाला तांबेरा शेतीइतकाच जुना ठाऊक आहे. रोमन लोक २५ एप्रिलला तांबेऱ्याच्या देवतेची जत्रा भरवून कुत्र्याचा बळी देत. आपल्याकडे नर्मदेच्या खोऱ्यात १८३० च्या सुमारास काय झालं, ते स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. ठगांचा बंदोबस्त केला तोच हा स्लीमन. वीस मैल लांब आणि दहा मैल रुंद असा गव्हाचा सलग पट्टा इतका बुडाला, की चारातलं एक शेत कापायचाही खर्च लोकांना परवडेना. दादीचं दोन एकराचं दुःख तिथे मैलांत मोजलं गेलं होतं.

युरोपातल्या शेतकऱ्यांना मात्र एक खूण सापडली होती. बांधावर बार्बेरीचं काटेरी झुडूप असलं की शेजारचा गहू तांबडा होतो. बार्बेरी म्हणजे आपल्या दारुहळदीची बहीण. लोकांचा यावर इतका विश्वास, की अमेरिकेतल्या कनेटिकट वसाहतीने १७२६ मध्ये बार्बेरी उपटण्याचा कायदाच केला. विद्वान हसले. त्यांचंही अगदी चुकत होतं असं नाही. बार्बेरीच्या पानावरचे नारिंगी पेले आणि गव्हावरची तांबडी भुकटी यांत दिसायला काहीच साम्य नाही. त्यांनी तर दोघांना नावंही वेगळी दिली होती. गव्हावरची ती पक्सिनिया, बार्बेरीवरची ती एसिडियम. आम्हा शायरांत घरचं नाव एक आणि तखल्लुस दुसरं असतं. दोन्ही माणसं एकच, हे परक्याला कळत नाही, तसंच हे झालं.

डेन्मार्कमध्ये शोलर नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १८१६ मध्ये बार्बेरीची रोगट पानं घेऊन राय नावाच्या धान्याच्या ओल्या ताटांवर घासली. काही दिवसांत नेमकी तीच ताटं तांबेऱ्याने भरली, आजूबाजूची स्वच्छ राहिली. इतका साधा आणि इतका पक्का प्रयोग! पण खेड्यातल्या मास्तराचं विद्यापीठात ऐकतो कोण? (जन्मतारखेच्या बाबतीत मास्तरांवर माझा राग आहे, पण या मास्तरांपुढे मी टोपी काढतो.) पुढे १८६५ मध्ये आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने उलट बाजूने प्रयोग करून कडी जुळवली, तेव्हा जगाला पटलं.

आता ते पाच बीजाणू. गव्हावर जी तांबडी भुकटी दिसते ते पहिले. ते वाऱ्यावर उडतात, दुसऱ्या गव्हावर बसतात आणि आठ-पंधरा दिवसांत नवी भुकटी तयार. दादाजींच्या इजारीवर हेच होते, लाखांनी. पीक पिकू लागलं की हीच बुरशी काळे, जाड सालीचे बीजाणू धरते. ताटं काळी पडतात ती यामुळे. हे दुसरे. थंड देशात ते धसकटावर हिवाळा काढतात. वसंतात त्यांना कोंब फुटून तिसरे, अगदी नाजूक, बिनरंगी बीजाणू सुटतात. गंमत म्हणजे यांना गहू चालत नाही. बार्बेरीचंच पान लागतं. त्या पानाच्या वरच्या अंगाला बारीक कुप्या तयार होतात आणि कुपीच्या तोंडाशी मधाचा एकेक थेंब येतो. त्या थेंबात चौथे. आणि पानाखाली ते नारिंगी पेले, त्यांत पाचवे. ते पुन्हा फक्त गव्हावर.

हा मधाचा थेंब कशासाठी, हे द बारीनंतर साठ वर्षं कुणाला कळलं नव्हतं. कॅनडात क्रेगी नावाच्या संशोधकाने १९२७ मध्ये ते दाखवलं. एका कुपीतला थेंब उचलून त्याने दुसऱ्या डागावरच्या कुपीवर ठेवला आणि खाली पेले तयार झाले. थेंब नाही हलवला, तर पेले नाहीत. म्हणजे बुरशीतही दोन पक्ष असतात आणि रानात हे स्थळं जुळवण्याचं काम मधाला आलेल्या माश्या करतात. त्याहून नवल पुढे आहे. दोन पक्षांची केंद्रकं एका पेशीत येतात, पण एक होत नाहीत. शेजारी शेजारी राहतात. पेल्यातून गव्हावर, गव्हाच्या ताटातून ताटात, सगळा हंगाम अशीच जोडीने. त्यांचं एकत्र येणं होतं ते थेट काळ्या बीजाणूत. आमच्याकडे कधी निकाह आधी होतो आणि रुखसत, म्हणजे पाठवणी, पुष्कळ दिवसांनी. निकाह बार्बेरीवर आणि रुखसत गव्हावर, असा हा संसार. बारावीला कुणी असं सांगितलं असतं तर मी कदाचित पासही झालो असतो.

या लग्नातून तांबेऱ्याच्या नव्या नव्या जाती निघतात. म्हणून अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरी उपटायची मोहीमच काढली. शाळेतली पोरंसुद्धा झुडपं शोधत हिंडली.

मग आपल्याकडे काय? आपली पुस्तकंही हीच पाच पायऱ्यांची गोष्ट सांगत होती आणि अजूनही सांगतात. पण आग्रा कॉलेजातल्या प्रा. करमचंद मेहता यांनी एक साधा प्रश्न विचारला. आपल्या मैदानात गहू एप्रिलपर्यंत निघतो. मे-जूनच्या भट्टीत तांबडे बीजाणू मरतात, काळेही टिकत नाहीत. मग पुढच्या हिवाळ्यात तांबेरा येतो कुठून? १९२० नंतरची जवळजवळ सगळी हयात त्यांनी या एका प्रश्नात घातली. हिमालयात दारुहळद रगड आहे आणि तिच्या पानांवर नारिंगी पेलेही दिसतात. पुस्तक वाचलेला कुणीही तिथेच थांबला असता. मेहता थांबले नाहीत. त्यांनी तपासलं, तर तो तांबेरा बहुतेक दुसऱ्याच गवतांचा निघाला. आपल्या गव्हाच्या तांबेऱ्याला दारुहळदीची गरजच नव्हती. तो उन्हाळ्यात डोंगरावर राहत होता. हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांत, जिथे हवा थंड आणि गव्हाची आपोआप उगवलेली रोपं बारमाही. तिथून तो वाऱ्याने खाली येत होता. साहेब लोक उन्हाळ्यात डोंगरावर जात आणि थंडीत खाली उतरत, तसाच. मेहता १९५० मध्ये वारले. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग त्यांच्यामागे, १९५२ मध्ये निघाला.

निलगिरीहून आपल्यापर्यंत तो कसा येतो, हे नागराजन आणि जोशी या शास्त्रज्ञांनी १९७० नंतर उलगडलं. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ होतं, त्याचे वारे दक्षिणेच्या डोंगरांवरचे बीजाणू उचलून मध्य भारतापर्यंत आणतात आणि पाऊस ते खाली पिकावर उतरवतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या गावची म्हातारी माणसं म्हणत, तांबेरा आभाळातून पडतो. आम्ही शिकलेली पोरं हसायचो. तांबेरा ओलीमुळे वाढतो, तो आभाळातून कसा पडेल? तर ओलीमुळे वाढतो हेही खरं, आणि आभाळातून पडतो हेही अक्षरशः खरं.

याच शोधात मला दोन गोष्टी हाती लागल्या, त्या सांगून थांबतो. अमेरिकेत स्टॅकमन यांनी १९२२ मध्ये तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांची एक यादी पक्की केली. ती जगभर वापरली गेली. कोणत्या गव्हावर तांबेरा पडतो आणि कोणत्यावर नाही, यावरून त्याची जात ठरवायची. त्या बारांत एक नाव इंग्रजी लिपीत, पण आपलं आहे: खपली. तिच्यातली रोगाला अडवणारी जनुकं पुढे दुसऱ्या गव्हांतही नेली गेली. दादाजींची मोटेखालची खपली का वाचली, त्याचं उत्तर तिथे होतं.

दुसरी गोष्ट साल. मध्य आणि दक्षिण भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली ती १९४६-४७ च्या रब्बी हंगामात. सुमारे २० लाख टन गहू गेल्याचा अंदाज आहे. म्हणजे अब्बांचा जन्म १९४७ च्या फेब्रुवारी-मार्चचा. मी त्यांना हे कागदावर मांडून दाखवलं. ऐंशीला टेकलेल्या अब्बांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. ते सरकारी नोकरीत होते आणि दाखल्याप्रमाणे ५८ पुरी झाली म्हणून मे २००३ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे पावणेदोन वर्षांचा पगार बुडाला की रे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "अम्मा बरोबर सांगत होती."