सुईला जागा कळावी लागते

हळदीच्या हंगामात हिंगोली-वसमतच्या बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाचा खांदा धरतो, शेतात हळद काढणाऱ्या बाईच्या पाठीत उसण भरते, श्वास घेताना छातीत चमक मारते. अशा दुखण्यावरचे जुने उपाय ठरलेले असत. तुंबडी लावायची, डाग द्यायचा, उसण भरली असेल तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा. पुढे त्यांच्या जोडीला इंजेक्शन आले आणि दवाखान्यात ‘एक सुई द्या’ ही मागणी रूढ झाली. जुन्या उपायांमागची समजूत अशी, की जिथे दुखते तिथेच इलाज करावा. सुईमागची समजूत अशी, की औषध अंगात गेले म्हणजे काम झाले, मग ते दंडात द्या की कमरेत. स्नायूच्या दुखण्याचा इतिहास या दोन्ही समजुतींना छेद देतो. तिथे सुईचे यश औषधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जागेच्या ज्ञानावर अवलंबून असते. मराठवाड्यात सुई खेडोपाडी पोचली, पण ते ज्ञान शिकवणाऱ्या संस्था फार उशिरा उभ्या राहिल्या.

इंजेक्शनच्या सुरुवातीच्या इतिहासातच खांद्याचे दुखणे भेटते. 1853 च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या डॉ. अलेक्झांडर वुड यांच्याकडे मान आणि खांद्याच्या कळांनी हैराण झालेली एक वृद्धा होती. वुड यांनी बोटाने दाबून सर्वांत हुळहुळणारा बिंदू शोधला, तो हासळी आणि खांद्याचे टोक यांच्या कोनात सापडला, आणि तिथेच पिचकारीने मॉर्फिन सोडले. 1855 साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा दुखऱ्या जागी औषध पोचवणे हेच तिचे मर्म मानले होते. काही वर्षांतच लंडनच्या चार्ल्स हंटर यांनी दाखवून दिले की सुई दूर कुठेही टोचली तरी मॉर्फिनचा गुण तेवढाच येतो, कारण औषध रक्तातून सगळीकडे पसरते. मॉर्फिनपुरते हंटर यांचे म्हणणे खरेच होते. पण त्यातून जागेला महत्त्व नाही असा सरसकट धडा घेतला गेला, आणि ‘सुई कुठेही द्या’ ही सवय जगभर मुरली.

ही सवय मोडली ती तेवढीच जागा बधिर करणाऱ्या औषधांनी. 1884 मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे सिद्ध केले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड आइनहॉर्न यांचे प्रोकेन हाती आले. ही औषधे जिथे टोचावीत तिथेच काम करतात, त्यामुळे जागा चुकली की गुण नाही. मग 1938 मध्ये लंडनच्या केल्ग्रेन यांनी स्वयंसेवकांच्या एकेका स्नायूत तीव्र मिठाचे थोडेसे पाणी टोचून कळ कुठे उमटते याची नोंद केली. कळ पुष्कळदा टोचलेल्या जागेपासून दूर जाणवत होती. अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 मध्ये खांदा-हाताच्या दुखण्यावर स्नायूत प्रोकेन टोचण्याचे अनुभव मांडले. 1983 मध्ये ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांच्या ग्रंथात, स्नायूतल्या ज्या दुखऱ्या गाठींतून अशी दूरची कळ उमटते त्यांचे स्नायूवार नकाशे आले. खांद्याच्या फऱ्यावर मागून पसरलेल्या स्नायूतली गाठ खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते आणि छातीच्या मोठ्या स्नायूतली गाठ हृदयविकारासारखी कळ छातीत आणि हातात उमटवते. रोगी बोट ठेवतो तिथेच सुई टोचणारा वैद्य मग मूळ जागेला हातच लावत नाही.

जागेचे हे ज्ञान प्रत्यक्षात किती नेमके असावे लागते, हे मान-खांद्यावरच्या स्नायूत दिसते. फुप्फुसाचे टोक हासळीच्या आतल्या भागावर सुमारे अडीच सेंटिमीटर वर आलेले असते. म्हणून जाणता डॉक्टर तो स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून वर उचलतो आणि सुई फुप्फुसाच्या रोखाने न नेता त्या चिमटीतच ठेवतो. छातीच्या स्नायूत टोचायचे असेल तर दोन बोटे बरगडीच्या वर-खालच्या फटींत रोवून मधल्या बरगडीचा आधार घ्यायचा, म्हणजे सुई घसरली तरी हाडावर अडते. इथे थोडीशी चूक झाली तरी छातीत हवा शिरून रोग्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. शिवाय छातीत दुखते म्हटल्यावर आधी ईसीजी आणि हृदयाची तपासणी हवी. स्नायूत टोचल्यावर कळ थांबली, एवढ्यावरून हृदय ठणठणीत आहे असे ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की नुसती कोरडी सुई टोचूनही आराम पडतो, मग एवढा खटाटोप कशाला? प्रागच्या कारेल लेविट यांनी 1979 मध्ये हेच नोंदवले होते, पण त्यांच्याच मते तो गुण सुई सर्वांत दुखऱ्या बिंदूवर किती अचूक पोचली यावर अवलंबून होता. म्हणजे औषध वगळले तरी जागा वगळता येत नाही. या गाठी नेमक्या काय असतात यावर आजही वाद आहे आणि नुसत्या टोचण्याच्या विश्वासानेही काहींना बरे वाटते, हे मान्य केले पाहिजे. फुप्फुस कुठे आहे यावर मात्र वाद नाही. दुसरा आक्षेप परंपरेचा: आपल्या वैद्यांना बोटांनी सगळे कळत असे. त्यात तथ्य आहे, पण परंपरेचा सर्वोत्तम भाग शरीररचनेच्याच बाजूने बोलतो. सुश्रुताने 107 मर्मे सांगितली, त्यांत छातीची आणि खांद्याचीही आहेत, आणि प्रेत सात रात्री पाण्यात ठेवून, थर घासत घासत शरीर पाहण्याची रीत लिहून ठेवली. पुस्तकी ज्ञान पुरेसे नाही, हा त्यामागचा आग्रह. तिसरा आक्षेप सोनोग्राफीचा: आता पडद्यावर सुई दिसते. दिसते खरी, पण पडद्यावरच्या करड्या छटांतला स्नायू कोणता आणि फुप्फुसाचे आवरण कोणते, हे रचना शिकलेल्यालाच ओळखता येते.

हिंगोलीचा इतिहास या संदर्भात वाचावा. हिंगोली ज्या निजामी राज्यात होती त्याच्या राजधानीत, हैदराबादला, वैद्यकशाळा निघाली 1846 मध्ये आणि तिथे शिक्षण उर्दूत होते. हिंगोली त्या काळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, ती 1903 मध्ये उठली. पलटणीबरोबर पाश्चात्त्य वैद्यक या मातीत आले, वैद्यकशाळा मात्र राजधानीतच राहिली. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय झाले 1956 मध्ये, नांदेडला 1988 मध्ये. हिंगोली 1999 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला आणि इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले 9 ऑक्टोबर 2024 रोजी. खांदा धरलेल्या हमालांच्या कितीतरी पिढ्या मधल्या काळात निघून गेल्या. म्हणून या महाविद्यालयाचा शरीररचना विभाग पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुरता राहू नये. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनाही तिथे येऊन छाती-खांद्याचे थर पुन्हा पाहता आले पाहिजेत, आणि ते पाहण्यासाठी देहदान करणारी माणसे जिल्ह्यातून पुढे आली पाहिजेत. हळदीची पोती उचलणाऱ्याच्या खांद्यात सुई नेमक्या जागी आणि निर्धोक पोचावी, यासाठीची तयारी विच्छेदनाच्या टेबलावरच होते.