तालमीचं पावतीपुस्तक

बाहेरगावचा पाहुणा कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा फुटबॉल बघायला बसला की हमखास विचारतो, "पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम... ही टीमची नावं होय? पैलवान फुटबॉल खेळतात?" आम्ही नुसती मान हलवतो आणि शेंगा फोडत राहतो. खरं उत्तर द्यायचं तर शंभर-सव्वाशे वर्षांची गोष्ट सांगावी लागते आणि तेवढ्यात इकडं गोल व्हायचा. म्हणून ती इथं निवांत सांगतो.

मी एका पेठेतल्या तालीम मंडळाचा खजिनदार. पैलवान कधीच नव्हतो. बँकेत नोकरी झाली, हिशेब जमतो, एवढ्या भांडवलावर गल्लीनं किल्ल्या आणि पावतीपुस्तक माझ्या गळ्यात घातलं. तालमीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेजारची तालीम उद्या दारात येऊन विचारणार, "आमचं का नाही?" शिवाय आमचं जे आहे तेच थोड्याफार फरकानं शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ इथल्या बहुतेक तालमींचं आहे.

जुनी तालीम बघायची तर आधी वाकावं लागतं. दार मुद्दाम बुटकं. आत दोन पायऱ्या खाली उतरायचं, जाड भिंती, वर दोन झरोके, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती आणि मधोमध हौदा. हौद्यातली माती नुसती लाल माती नसते. ती चाळून घ्यायची, मग तिच्यात काव, हळद, तेल, ताक, लिंबाचा रस आणि कापूर जिरवायचा. दररोज पहाटे पोरांनी फावड्यानं ती उकरायची, मगच जोर-बैठकांना हात लावायचा. अंगाला लागलेली ही माती जखमेला पिकू देत नाही, असं आमचे वस्ताद सांगायचे. वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते डॉक्टरांनी बघावं. पण पाऊस सुरू झाला की बंद तालमीतून जो वास गल्लीत यायचा, त्यावरून आंधळ्यानंही घर शोधलं असतं.

कोल्हापूरच्या कुस्तीची गोष्ट सगळे राजर्षी शाहू महाराजांपासून सुरू करतात आणि ते योग्यच आहे. महाराज १८९४ साली गादीवर आले. स्वतः कसलेले मल्ल. पैलवानांना खुराक, तालमींना आधार, गावोगावच्या आणि उत्तरेकडच्या नामांकित मल्लांना दरबारचा आश्रय, असं सगळं त्यांनी उभं केलं. १९०२ मध्ये ते विलायतेला गेले, तेव्हा रोमचं जुनं क्रीडागार बघून आले आणि १९१२ पर्यंत इथं खासबाग मैदान तयार झालं. मधला आखाडा आणि भोवतीनं चढत जाणारी बैठक. शेवटच्या माणसालाही डाव दिसावा अशी रचना. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही तालमींची नावं कुस्तीशौकिनाला तेव्हापासून पाठ आहेत.

पण राजाश्रय मोठ्या तालमींना आणि मोठ्या मल्लांना. गल्लीतली तालीम आधीपासून गल्लीचीच होती. दिवसभर काम करून आलेला सुतार, गवंडी, चांभार, गवळी, तेली यांची पोरं इथं अंगाला माती लावायची. कार्पोरेशन, पोलीस चौकी हे सगळं यायच्या आधी पेठेची भांडणं तालमीच्या कट्ट्यावर मिटायची. रात्रीची गस्त इथूनच निघायची. लग्नाच्या पाहुण्यांचा जानवसा इथंच आणि कुणाच्या घरी मयत झाली तर तिरडीचे बांबूही इथंच ठेवलेले. कोल्हापुरात अजूनही एखाद्याची ओळख करून देताना आडनावानंतर "कुठल्या तालमीचा?" असं विचारतात, ते उगाच नव्हे.

खरी कसोटी लागली १९४९ मध्ये. त्या वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दरबार गेला तसा दरबारचा हातही गेला. मोठ्या तालमी नावाच्या जोरावर तगल्या. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंद केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी मोतीबागेतल्या गणपतराव आंदळकरांनी तो किताब घेतला, म्हणजे विलीनीकरणानंतर दहा वर्षांत कोल्हापूर देशाच्या कुस्तीच्या शिखरावर होतं. खाशाबा जाधवांचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा राजाराम कॉलेजात शिकायला आला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या तेव्हाच्या महाराजांनी मदत केली. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, बाकीची जुळवाजुळव गाववाल्यांनी आणि दुकानदारांनी वर्गणीतून केली. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. दरबाराकडून वर्गणीकडे असा हा रस्ता चार वर्षांत वळला. मला पदकाइतकंच त्या वर्गणीचं अप्रूप वाटतं. खजिनदाराची खोड म्हणा.

आमच्याकडं त्या काळातली एक कीर्दवही आहे. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. तिच्यात रोख रक्कम थोडी आणि वस्तू फार. कुणाचे दोन आणे, कुणाचे चार. तेल्याकडून गोडं तेल. गवळ्याकडून ताकाची घागर. मंडईतल्या बाईकडून लिंबं, "उरलेली" असं प्रामाणिकपणे लिहिलेलं. रंगाच्या दुकानातून काव. गवंड्याच्या नावापुढं रक्कम नाही, नुसतं लिहिलंय : "पश्चिमेची भिंत". त्यानं ती बांधून दिली, विषय संपला. नागपंचमीच्या आधी माती बदलायचा खर्च एका पानावर आहे आणि त्याच पानाच्या तळाशी, "मशीदवाल्या चाचांकडून कापूर व नारळ."

या शेवटच्या नोंदीचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, इथल्याला नाही. कोल्हापुरात मोहरमचे पंजे कितीतरी तालमींत बसतात आणि त्यांची उठबस हिंदू घरातली माणसं करतात. खत्तलरात्रीला पंजांच्या भेटी होतात, घराघरांत चोंगे आणि मलिदा होतो. चांद्र महिने सरकत सरकत साधारण तेहेतीस वर्षांनी मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र येतात. बाबूजमाल तालमीत अशा वेळी गणपती आणि पंजा शेजारी-शेजारी विराजमान होतात. १९८५-८६ ला झालं, मग २०१८ पासून सलग तीन वर्षं. आमच्या तालमीतही तेव्हा एकाच पावतीपुस्तकावर दोन्हींची वर्गणी फाडली. हिशेब वेगळा ठेवा म्हणून एकानं सूचना केली होती, पण मांडव एक, दिवे एक, आचारी एक. वेगळा ठेवणार काय?

आषाढात नव्या पाण्याची गडबड असते. पंचगंगेला नवं पाणी आलं की प्रत्येक तालीम आणि गल्ली ते कलशात भरून टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या पायांवर ओतायला नेते. पुढं पी-ढबाकचा गजर, मागं डोक्यावर कलश घेतलेल्या पोरी. वाद्य एकच सूर काढतं आणि एकच ठोका, तरी त्यावर नाचताना माणूस दमत नाही.

आता फुटबॉल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० साली राजाराम महाराजांच्या काळात स्थापन झाली आणि खेळ रुजला. संघाला हवी पोरं, पोरांना हवी सकाळी जमायची जागा, जर्सी ठेवायला कोपरा, आणि मॅच हरल्यावर भांडायला कट्टा. हे सगळं तालमीत तयार होतं. त्यामुळं पैलवानीचा जोर जसा ओसरत गेला तसा तालमीत चेंडू शिरला. जुन्या मंडळींनी याला फार विरोध केला. "मातीत बूट?" या एका वाक्यावर किती सभा मोडल्या असतील! माझं मत स्पष्ट आहे. ज्या तालमींनी चेंडूला दारातून आत घेतलं त्या नांदत्या राहिल्या. ज्यांनी नुसतं पावित्र्य राखलं, त्यांतल्या काहींच्या कोनाड्यातल्या मारुतीला आज शनिवारी तेवढं तेल मिळतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळ्यात मोठा आवाज एका ऐंशीच्या घरातल्या माजी पैलवानाचा होता, आणि बुटाला पहिला विरोध त्यांचाच.

आमच्या तालमीवर वरचा मजला चढला त्या दिवसाची आठवण गल्लीत अजून निघते. कौलं गळत होती, वासे पोखरले होते, आणि मंडळाकडं सिमेंटपुरते पैसे जेमतेम. मजुरी परवडणार नव्हती. मग स्लॅबच्या दिवशी पहाटे गल्लीच्या तोंडापासून तालमीपर्यंत माणसांची साखळी लागली. भाड्यानं आणलेलं मिक्सर घरघरतंय, आणि घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात, तिसऱ्यात, शिडीवर, वर. भरलेली घमेली डाव्या बाजूनं चढायची, रिकामी उजव्या बाजूनं खाली यायची. बँकेतले साहेब, भाजीवाली आक्का, कॉलेजची पोरं, हायस्कूलचे मास्तर, सगळ्यांचे हात सिमेंटनं पांढरे. मधे एकदा मिक्सर बंद पडलं तेव्हा कुणी हाक न मारता चार गवंडी फावडी घेऊन हातानं माल कालवायला बसले, कारण स्लॅब अर्ध्यात थांबली की सांध्यातून आयुष्यभर गळते. संध्याकाळी तांबडा-पांढरा रस्सा. मटणाचे पैसे कुणी दिले ते पावतीपुस्तकात नाही आणि विचारायचंही नाही, असं तेव्हाच्या अध्यक्षांनी बजावलं होतं.

त्या वरच्या मजल्यानं तालमीची कळा बदलली. खाली माती, वर हॉल. हॉलमध्ये सकाळी अभ्यासिका, दुपारी बचत गट, संक्रांतीला हळदीकुंकू. ज्या दारातून बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता, त्याच्या वरूनच आता त्यांचा जिना जातो. किल्ली त्यांच्याकडं असते आणि वीजबिल भरायची आठवण मला त्याच करतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी त्रेचाळीस. अर्धं गाव पाण्यात, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, आणि पाण्यानं वेढलेल्या शहरात प्यायला पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. खालच्या पेठांतली कुटुंबं वर आली आणि आमच्या हॉलमध्ये अंथरुणं पडली. प्रसादाची पातेली होतीच. गॅस सिलिंडर घराघरांतून आले, प्रत्येकावर खडूनं घरमालकाचं नाव. फुटबॉलची पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून दूध पोचवत होती. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. गणपतीत जो पोरगा भांडी मोजून घेतो त्यानं भांडी बघितली, जो मांडवाची वायरिंग करतो त्यानं जनरेटर. पाणी ओसरल्यावर खालच्या हौद्यात बोटभर गाळ होता. माती सगळी काढून टाकली आणि सप्टेंबर उजाडताच गणपती आणि पंजे दोन्ही बसले, त्या वर्षी आरास काहीच केली नाही.

आरास नसली तर बरंच, असं माझं खासगी मत आहे. डॉल्बीनं आमच्या हिशेबाची जेवढी नासधूस केली तेवढी पुरानं केली नाही. एका रात्रीच्या भिंती हलवणाऱ्या आवाजाला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात दोन पैलवानांचा वर्षाचा खुराक निघतो, बदाम आणि दूध दोन्ही धरून. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध समोर पिळून देतात, तिथं उभं राहून हा हिशेब मी तरुण कार्यकर्त्यांना सांगून बघितला. त्यांनी माझ्या पैशानं दूध प्यायलं आणि डॉल्बी ठरवली.

मंडळ चालवायचं म्हणजे कागदही चालवावा लागतो. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तालमीचं नाव शाबूत आहे का याची खातरजमा. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. पेठेतल्या जागेला आज सोन्याचा भाव आहे आणि पाच मजले बांधून खालचा गाळा तालमीला देतो म्हणणारे बिल्डर पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तसे उगवतात. एकदा असा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत आला. नकाशा छान होता, लिफ्टही होती. एका आजीनं एवढंच विचारलं, "ह्यात हौदा कुठं हाय?" नकाशात हौदा नव्हता. सभा संपली.

सध्याचा वाद मॅटचा आहे. कुस्तीच्या मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, तेव्हा पोरांना मॅट पाहिजे, हे बरोबर. माती काढून तिथं मॅट टाकायची नाही, हे जुन्यांचं म्हणणंही बरोबर. हॉलमध्ये टाकावी तर बचत गट आणि अभ्यासिका बसणार कुठं? गुंडाळून ठेवता येईल अशा मॅटचा दर मी काढलाय. तीन घरांनी मोठी रक्कम कबूल केली आहे, बाकी दारोदार फिरावं लागेल. फुटबॉलची पोरं म्हणतात, आधी नव्या जर्सीचं बघा, लीग तोंडावर आली आहे. रविवारी सभा आहे. चहा बचत गटाकडून, पावतीपुस्तक माझ्याकडून.