मॉर्मन तरुण धर्मप्रचारक
अमेरिकेतील यूटा राज्यात मुख्यालय असलेल्या ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे पूर्णवेळ प्रचारक. मुलगे २४ महिने, मुली १८ महिने सेवा करतात. पगार नसतो; खर्च बहुधा स्वतः किंवा घरचे उचलतात. कोणत्या देशात जायचे हे पंथ ठरवतो. प्रचारक कायम जोडीने राहतात आणि जोडीदारही वरिष्ठच नेमतात, त्यामुळे न पटणाऱ्याशीही जुळवून घ्यावे लागते. सकाळी धर्मग्रंथांचे वाचन व स्थानिक भाषेचा अभ्यास, मग रात्रीपर्यंत भेटीगाठी. छातीवरची काळी नावपट्टी ही त्यांची ओळख. रविवार उपासनेचा.

आठवड्यातून एक ‘तयारीचा दिवस’ मिळतो: कपडे धुणे, वाणसामान भरणे, केस कापणे, जमल्यास गावात फेरफटका, घरी पत्र. संध्याकाळी काम पुन्हा सुरू होते. पूर्वी घरी फोन नाताळ व मातृदिन या दोनच दिवशी करता येई. अनोळखी भाषेत दारोदार नकार पचवणाऱ्या विशीच्या आतबाहेरच्या मुलांसाठी ही शिस्त फारच कठोर होती. फेब्रुवारी २०१९ पासून तयारीच्या दिवशी घरच्यांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याची मुभा मिळाली.