भोंगा कोणाच्या हातात? गिरणीच्या शहरातून फोनकडे पाहताना

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा इतिहासाच्या व्याख्यानात कसा आला? सोशल मीडियावर जाणारा वेळ कसा आवरायचा, हा प्रश्न डॉक्टरांचा, नाहीतर आईवडिलांचा. आमचं म्हणणं असं की ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या भोंग्यावर दिवस काढले, त्या सोलापूरला या प्रश्नावर बोलायचा अधिकार इतरांपेक्षा जरा जास्तच आहे.

१८७७ मध्ये इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. लोकांच्या तोंडी ती जुनी गिरणी. पुढच्या काही दशकांत लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या आल्या. त्याआधी हातमागावर बसणारा विणकर काही सुखात होता असं नाही. सावकाराचं देणं डोक्यावर असायचंच. पण माग त्याच्या घरात होता, कधी बसायचं आणि कधी उठायचं हे त्याच्या हातात होतं. गिरणीने ते काढून घेतलं. भोंगा झाला की निघायचं, उशीर झाला तर पगार कापला जायचा. चूल कधी पेटवायची, डबा कधी बांधायचा, हेही भोंग्यावर ठरू लागलं. ज्यांच्या घरातलं कोणी गिरणीत नव्हतं, तेसुद्धा त्यावर घड्याळ लावू लागले.

या वेळेला मर्यादा कशी पडली, ते नीट पाहायला हवं. सुरुवातीला एकच मर्यादा होती, ती सूर्याची. अंधार पडला की यंत्र थांबायचं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यात आठवड्याची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सूर्यास्ताला थांबवा अशीही मागणी होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये पदरात पडली. पण १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला काही अर्थच उरला नाही. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. मग चौकशी आयोग बसला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची हद्द घातली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, १९४८ मध्ये ४८. तारखा पाठ करायची गरज नाही. मात्र बारा तास नऊवर यायला सदतीस वर्षं लागली, एवढं लक्षात असू द्या.

त्या वादात मालकांचा एक युक्तिवाद मजेशीर होता. ते म्हणत, आमचा कामगार मधूनमधून बाहेर जाऊन बसतो, विडी ओढतो, म्हणून तास लांब असले तरी त्याला काही त्रास नाही. आज फोनबद्दल हेच ऐकू येतं ना? तुम्हाला कोणी बळजबरी केली आहे का, नको असेल तेव्हा बंद करा!

आता फोनकडे येऊ. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं, पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं. २००६ मध्ये आझा रास्किन या तंत्रज्ञाने न संपणाऱ्या पानाची रचना केली. बोट सरकवत राहा, मजकूर येतच राहतो. पुढे त्यानेच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आपल्याकडे २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला, २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच रील्स आल्या. गिरणीत विजेच्या दिव्याने जे केलं तेच इथे झालं: थांबायची नैसर्गिक जागा गेली. आणि इथे सुटीचा भोंगाही नाही.

भोंगा नसलेलं काम सोलापूरला नवं नाही म्हणा. पूर्वभागातल्या हजारो बायका घरी विड्या वळतात. पान-तंबाखू घरी आणायची, मजुरी हजार विड्यांवर. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती, पण ती कारखान्याच्या जागेत. घरात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचे तास कोण मोजणार? फोनचं काम याच जातीचं आहे. फरक एवढाच की तिला हजारामागे काहीतरी मिळतं. आपण पाहिलेल्या रीलचे पैसे जाहिरातदाराकडून कंपनीला मिळतात.

म्हणून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. कडेगाव तालुक्यातलं, जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. करोनात शाळा फोनवर गेली आणि मुलं फोनवरच राहिली. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला लोक हसले. मग शिक्षक, अंगणवाडीच्या आणि आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. मुलाने एकट्याने मनाचा निग्रह करावा, अशी अपेक्षा इथे नाही. वर्गातल्या सगळ्यांचाच फोन बंद असतो, त्यामुळे आपलं काही चुकतंय ही रुखरुख लागत नाही. रविवारची सुट्टी सगळ्या गिरणीला एकदम मिळाली म्हणून टिकली, तसंच हे.

पण गावाने ठरवलं म्हणजे सगळं चांगलंच, असंही आम्ही म्हणणार नाही. याच सोलापुरात इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्या लोकांना तारेच्या कुंपणात डांबलं. तिथेही वेळेची शिस्त होती, हजेरी होती. ते कुंपण १९५२ मध्ये तुटलं. भोंगा वाजवणारा आणि तो ऐकणारा एकमेकांना जाब विचारू शकतात की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. वडगावात दारात आलेल्या बाईंना ‘आमच्याकडे आज नाही जमणार’ असं म्हणता येतं का, हे आम्ही तरी आधी विचारू.

आणि सोलापूरची अडचण वेगळीच. सात ते साडेआठ ही वेळ शेतकरी गावाची आहे. आपल्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. संध्याकाळी सातला कोणाचा बाप कामावर निघालेला असतो, कोणाचा अजून परतलेला नसतो, आणि आईच्या हजार विड्या अजून पुऱ्या व्हायच्या असतात. मुलाच्या हातात फोन दिलेला असतो तो याच वेळात, कारण त्याच्याजवळ बसायला दुसरं कोणी नसतं. वडगावचा भोंगा पूर्वभागात जसाच्या तसा आणून वाजवला तर तो ऐकणार कोण? इथे आधी पाळीचे बारा तास आठवर आणायचे, की मुलांसाठी गल्लीत एखादी अभ्यासिका उघडायची, यावर आता तुमच्याकडून ऐकायचं आहे. प्रश्न घेऊ या.