पडदावाचक

पडदावाचक : संगणकाच्या पडद्यावरील मजकूर व चिन्हे कृत्रिम वाणीच्या अथवा ब्रेल लिपीच्या द्वारे दृष्टिहीन व्यक्तीस उपलब्ध करून देणारी आज्ञावली. पडद्यावर दिसणारे वाचावे, की मुळात जे सांगावयाचे आहे तेच बोलून दाखवावे, या प्रश्नावरून तिच्या रचनेत दोन भिन्न दृष्टिकोन निर्माण झाले. त्यांपैकी दुसऱ्याच्या पुरस्कर्त्यांत पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन हे अग्रगण्य होत.

प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांवर हे काम तुलनेने सोपे होते. पडद्यावर प्रत्येकी ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत व प्रत्येक अक्षर स्मृतीत अक्षर म्हणूनच साठविलेले असे. ते उचलून वाक्-संश्लेषकाकडे पाठविले, की वाचन साधे. आयबीएममधील जिम थॅचर यांनी १९८०–९० या दशकाच्या मध्यास याच तत्त्वावर पडदावाचक तयार केला. १९७८ मध्ये मोटार अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर यांचा ‘जॉज’ १९८९ मध्ये आला.

चित्ररूप पडद्यांच्या आगमनाने हा पाया ढासळला. आता पडद्यावर अक्षरे नव्हती; होते ते केवळ रंगबिंदू. त्यावर तोड म्हणून, पडद्यावर काही रेखाटण्याची आज्ञा निघताच ती मध्येच टिपून पडद्याची एक अदृश्य प्रतिकृती स्मृतीत उभारण्याची युक्ती योजण्यात आली. मॅकिंटॉशसाठी बर्कली सिस्टिम्सने काढलेला ‘आउटस्पोकन’ (१९८९) व विंडोजसाठीचा ‘जॉज’ (१९९५) हे या पद्धतीचे होत. ही प्रतिकृती नाजूक असे. संबंधित आज्ञावलीची नवी आवृत्ती निघाली, की ती बिघडण्याचा संभव राही. पुढे प्रत्येक आज्ञावलीनेच आपल्या बटणांची व चौकटींची नावे आणि स्थिती पडदावाचकास कळवावी, अशी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये आणली. तथापि ही माहिती देण्याचे अनेक निर्माते टाळत आणि मग पडदावाचक नुसतेच ‘बटण’, ‘बटण’ असे म्हणत राही.

रामन (जन्म १९६५) यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी व मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथे १९९४ मध्ये पूर्ण केलेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय गणिती लेखनाचे श्राव्य रूप हा होता. सूत्रातील घातांक वा छेद हे आवाजाच्या चढउतारांनी सुचवावेत आणि श्रोत्याने सूत्राच्या हव्या त्या भागात शिरावे, अशी त्यातील योजना. १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केले. ते पडद्याकडे पाहतच नाही. ईमॅक्स या संपादकाच्या अंतर्गत क्रियांनाच वाणीची जोड देते. दिनदर्शिकेचे उदाहरण बोलके आहे. सामान्य पडदावाचक कर्सरखालील अंक पाहून केवळ ‘एक’ म्हणेल. ईमॅक्सस्पीक ‘मंगळवार, १ मे १९९०’ अशी पूर्ण तारीख सांगते. संगणकलेखनातील टीपा व आज्ञा निरनिराळ्या आवाजांत ऐकू येतात.

या पद्धतीची वैचारिक सरसता मान्य केली, तरी तिची मर्यादा स्पष्ट आहे : वापरणाऱ्यास ईमॅक्सच्या बाहेर पडता येत नाही. कचेरीत सहकाऱ्यांच्याच आज्ञावलीवर काम करणाऱ्या दृष्टिहीन कर्मचाऱ्यास पडदावाचकाखेरीज गत्यंतर नसते. त्यात जॉजची किंमत शेकडो डॉलर. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये विनामूल्य ‘एनव्हीडीए’चा आरंभ केल्याने ही अडचण बरीच दूर झाली. रामन यांनीही गूगलमध्ये काम करताना स्पर्शपडद्यासाठी एक चतुर तोडगा काढला : बोट प्रथम जेथे टेकेल तेथेच पाचाचा अंक मानावा आणि उर्वरित अंक त्याच्या सभोवती शोधावेत.

मराठीच्या बाबतीत निराळाच अडसर उद्भवला व तो पडदावाचकाच्या रचनेशी निगडित नव्हता. कृतिदेवसारख्या जुन्या अक्षरसंचांत देवनागरीचा केवळ देखावा असतो. साठविलेली असतात ती रोमन अक्षरे. ‘राळेगाव’ हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे नाव त्यात लिहिल्यास डोळसास ते अचूक दिसते, पडदावाचक मात्र ‘जे, के, जी, एस, एक्स, के, ओ’ असे निरर्थक वाचतो. पडदावाचक कोणत्याही पद्धतीचा असो, येथे तो सारखाच हतबल ठरतो. १९९१ च्या युनिकोड संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश होता. परंतु जुन्या अक्षरसंचांचा वापर त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला आणि त्यांत टंकित झालेला मजकूर रूपांतर केल्यावाचून दृष्टिहीनांस वाचता येत नाही. युनिकोडमधील मजकुरासही उच्चाराची अडचण आहेच. ‘चहा’ व ‘चाक’ यांतील ‘च’ वेगळे. ‘जग’ म्हणजे विश्व, की जगण्याची आज्ञा, हे संदर्भावाचून ठरत नाही आणि अर्थानुसार ‘ज’चा उच्चार बदलतो. लिपीत हा भेद दाखविला जात नसल्याने तो वाक्-संश्लेषकासच वाक्य पाहून ओळखावा लागतो.