पेणहून मुंबईला फोन: धरमतर परिसरातले कॉलदर आणि नंबर पोर्टेबिलिटी

धरमतर खाडीच्या परिसरात फोनचा खर्च आधी सीमारेषेने ठरवला, कंपनीने नंतर. पेण, अलिबाग, रोहा या गावांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या मुंबईशी बांधलेला आहे. धरमतरहून आगबोटी मुंबईला जात. पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागातल्या कारखान्यांतले गणपती आजही मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारात उतरतात, आणि नोकरीला मुंबईत असलेला माणूस बहुतेक प्रत्येक घरात सापडतो. दूरसंचार खात्याने मोबाइल सेवेसाठी देशाची विभागणी केली तेव्हा मात्र मुंबई हे स्वतंत्र परवाना क्षेत्र झाले. त्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणच्या टेलिफोन यंत्रणांचा भाग आला. पेण, अलिबाग आणि रोहा गेले गोव्यासह उरलेल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात. परिणामी पेणहून चंद्रपूरला किंवा पणजीला केलेला मोबाइल कॉल क्षेत्रातला ठरे आणि मुंबईला केलेला क्षेत्राबाहेरचा. नकाशा बघून हे कोणालाही पटले नसते, पण बिल त्याच हिशेबाने येई.

त्याआधीचा काळ एसटीडी बूथचा. पेणचा कोड ०२१४३, अलिबागचा ०२१४१, रोह्याचा ०२१९४ आणि मुंबईचा ०२२. अंतर आणि वेळ या दोन गोष्टींवर दर ठरे. रात्री उशिरा पाव दर लागू झाला की बूथवर रांग लागे. पुढे दोनशे किलोमीटरच्या आतल्या कॉलसाठी ९५ लावून फिरवण्याची स्वस्त सोय आली आणि पेण-मुंबई बोलणे आवाक्यात आले. या साऱ्या व्यवहारात टेलिफोन कंपनी कोणती हा प्रश्नच नव्हता, कारण बूथवरचा फोन बहुधा सरकारी यंत्रणेचाच असे.

मोबाइल आला १९९५ मध्ये. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या दोन कंपन्या होत्या. सुरुवातीचा कमाल दर मिनिटाला १६ रुपये ८० पैसे होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उर्वरित महाराष्ट्रात बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल उतरल्या. बीएसएनएलची मोबाइल सेवा ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली. प्रत्येक कंपनीला क्षेत्रवार क्रमांकमालिका मिळाली होती. ९८२२ म्हणजे पुढे आयडिया झालेली कंपनी, ९८२३ बीपीएल आणि नंतर हच, ९८९० एअरटेल, ९४२२ बीएसएनएल, हे सगळे महाराष्ट्राचे. ९८२०, ९८२१, ९८९२ आणि ९८६९ मुंबईचे. पहिले चार आकडे ऐकले की समोरचा कोणत्या क्षेत्रात आणि कोणत्या कंपनीत आहे हे दोन्ही कळे, म्हणजे कॉल किती रुपयांना पडणार हेही कळे.

या ज्ञानाला खरी किंमत आली ती १ मे २००३ पासून. त्या दिवशी कंपन्यांमधल्या आंतरजोडणी शुल्काची पद्धत लागू झाली आणि येणारे कॉल फुकट झाले. फोन करणाऱ्याच्या कंपनीने फोन घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक रक्कम द्यायची, असे या पद्धतीचे सूत्र होते. १ फेब्रुवारी २००४ पासून ही रक्कम सरसकट ३० पैसे करण्यात आली. आपल्याच नेटवर्कवर संपणाऱ्या कॉलवर हे ३० पैसे कोणालाच द्यावे लागत नसल्याने कंपन्यांनी स्वतःच्या ग्राहकांमधले बोलणे स्वस्त केले आणि दुसऱ्या नेटवर्कवरचे महाग ठेवले. या वाटेवर रिलायन्सने आधीच पाऊल टाकले होते. डिसेंबर २००२ मध्ये तिने रिलायन्स ते रिलायन्स एसटीडी कॉल मिनिटाला ४० पैशांत देऊ केला. पोस्टकार्ड तेव्हा ५० पैशांना होते. मूर्तीच्या कारखानदाराने आणि त्याच्या मुंबईच्या व्यापाऱ्याने एकाच कंपनीचे कार्ड घेणे यात मग सरळ व्यवहार होता. ‘तुझं कार्ड कुठलं?’ हा प्रश्न नात्यागोत्यातही रूढ झाला आणि एका घरात एकाच कंपनीची चार कार्डे दिसू लागली. ज्यांना ते जमले नाही त्यांनी दोन सिमचा हँडसेट घेतला किंवा मिस्ड कॉल देण्याची कला आत्मसात केली.

धरमतरकरांसाठी सर्वांत मोठा बदल मात्र पोर्टेबिलिटीच्या, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याच्या सोयीच्या, बऱ्याच आधी झाला. मे २००५ मध्ये सरकारने मुंबई-महाराष्ट्र, कोलकाता-पश्चिम बंगाल, चेन्नई-तमिळनाडू आणि उत्तर प्रदेशच्या दोन क्षेत्रांमधले कॉल राज्यांतर्गत समजून थेट जोडण्यास परवानगी दिली. त्यामुळे पेण-मुंबई कॉलला लांब पल्ल्याच्या कंपनीमार्फत वळसा घालावा लागेना. पाठोपाठ १ मार्च २००६ रोजी बीएसएनएल आणि एमटीएनएलने ‘वनइंडिया’ योजना आणली. देशात कुठेही मिनिटाला एक रुपया, असा तिचा दर होता. पेणजवळच्या डोलवीच्या पोलाद कारखान्यात परप्रांतांतून आलेल्या कामगारांना तिचा उपयोग स्थानिकांपेक्षाही जास्त होता.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय सिंगापूरमध्ये १९९७ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये आली होती. भारतात दूरसंचार नियामक ट्रायने मार्च २००६ मध्ये तिची शिफारस केली, सप्टेंबर २००९ मध्ये नियम काढले, २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ रोजी ती देशभर लागू झाली. ग्राहकाने १९०० वर ‘पोर्ट’ असा एसएमएस पाठवायचा, आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा आणि फार तर १९ रुपये भरायचे. जुन्या सिममधला बॅलन्स नव्या कंपनीत येत नसे आणि नव्या कंपनीत किमान ९० दिवस राहावे लागे. मुंबई आणि महाराष्ट्र या दोन्ही क्षेत्रांच्या क्रमांकांची नोंद सिनिव्हर्स या परवानाधारक कंपनीकडे गेली.

कॉलच्या हिशेबात नेमका काय फरक पडला, हे यंत्रणेच्या कामावरून कळते. फोन लावणाऱ्याची कंपनी प्रत्येक कॉलआधी पोर्ट झालेल्या क्रमांकांचा तक्ता तपासते, तिथून नव्या कंपनीचा मार्गक्रमांक घेते आणि कॉल तिकडे पाठवते. आंतरजोडणी शुल्क होते तोवर ते नव्या कंपनीला मिळे. म्हणजे पोर्टेबिलिटीने कॉलवर नवा कर बसवला नाही, पण चार आकड्यांवरून दर ओळखण्याची सवय निकामी केली. ९४२२ चा नंबर आयडियात गेलेला असला तर बीएसएनएल ते बीएसएनएल सवलत त्याला लागू होत नसे. फोन करणाऱ्याला हे बॅलन्स कापला गेल्यावरच समजे. पोर्तुगालमध्ये अशा वेळी कॉल जोडण्यापूर्वी सूचना ऐकवण्याची पद्धत नियमाने आणली गेली होती. भारतात तशी काही व्यवस्था सर्वसाधारण ग्राहकाच्या वाट्याला आली नाही आणि ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

दुसरी मर्यादा धरमतरला थेट बोचणारी होती. २०११ ची पोर्टेबिलिटी क्षेत्रापुरतीच होती. पेणचा तरुण मुंबईत स्थायिक झाला तर त्याला पेणचा नंबर मुंबई क्षेत्रात नेता येत नसे. नंबर सोडावा किंवा रोमिंगचे पैसे मोजत राहावे, एवढेच पर्याय होते. रोमिंगच्या दरांवर ट्रायने कमाल मर्यादा घातली होती. येणाऱ्या कॉलसाठी ती २००७ मध्ये मिनिटाला १ रुपया ७५ पैसे, जुलै २०१३ पासून ७५ पैसे आणि मे २०१५ पासून ४५ पैसे होती. ३ जुलै २०१५ रोजी देशव्यापी पोर्टेबिलिटी सुरू झाली आणि क्षेत्राची अट गेली. खाडीकाठच्या नोकरदारांच्या दृष्टीने खरी पोर्टेबिलिटी या दिवसापासूनची. त्यानंतर चार आकड्यांवरून कंपनी तर नाहीच, क्षेत्राचा अंदाजही बांधता येईना.

दर कोसळले याचे श्रेय अनेकदा पोर्टेबिलिटीला दिले जाते. ते फार थोडे योग्य आहे. ग्राहक जाईल या भीतीने कंपन्या जपून वागू लागल्या हे खरे, पण प्रीपेड ग्राहक आधीपासूनच वीस-तीस रुपयांत नवे सिम घेऊन कंपनी बदलत होता. दर सेकंदाला एक पैसा ही टाटा डोकोमोची योजना २००९ ची, म्हणजे पोर्टेबिलिटीच्या आधीची. दोन नेटवर्कमधल्या कॉलचे दर समान होण्यामागे मुख्य कारण आंतरजोडणी शुल्काची घसरण हे आहे. एप्रिल २००९ मध्ये २० पैसे, मार्च २०१५ मध्ये १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने कॉल फुकट केले तरी हा खर्च संपला नव्हता. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिनेही दुसऱ्या नेटवर्कवरच्या कॉलला मिनिटाला ६ पैसे आकारायला सुरुवात केली. त्याच सुमारास कंपन्यांनी रिंग वाजण्याचा अवधी कमी केला, म्हणजे कॉल चुकावा, समोरच्याने उलट फोन करावा आणि शुल्क त्याच्या कंपनीवर पडावे. मिस्ड कॉलची जुनी गावठी युक्ती कंपन्यांनी उचलली होती. ट्रायला अखेर रिंगसाठी ३० सेकंदांचा नियम करावा लागला.

एसएमएसचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. स्वस्त एसएमएस पॅक घेतला तरी दिवाळी आणि नववर्षासारख्या दिवशी कंपन्या सवलत बंद ठेवून पूर्ण दर लावत. त्या ‘ब्लॅकआउट’ दिवसांची यादी आधीच जाहीर करण्याचे बंधन ट्रायने घातले. २०११ मध्ये जाहिरातींचा उपद्रव रोखण्यासाठी दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा आली, ती लवकरच २०० झाली आणि २०१२ मध्ये खासगी संदेशांपुरती दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. २०१३ मध्ये दुसऱ्या नेटवर्कवरच्या एसएमएसचे आंतरजोडणी शुल्क २ पैसे ठरले. तोवर लोक व्हॉट्सॲपकडे वळू लागले होते. तरीही एसएमएसचा आणि पोर्टेबिलिटीचा संबंध एका ठिकाणी घट्ट राहिला. स्वस्त रिचार्जमध्ये एसएमएसची सोयच नसल्यामुळे १९०० वर संदेश जात नसे, म्हणजे गरीब ग्राहक कंपनी सोडूच शकत नसे. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने कोणत्याही रिचार्जवर हा एक एसएमएस जाऊ देण्याचा आदेश दिला.

आता दोन नेटवर्कमधल्या कॉलचा वेगळा दर उरलेला नाही आणि पेण-मुंबई कॉल कोणी मोजत नाही. क्षेत्रांची विभागणी कागदावर कायम आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पेणचा नंबर महाराष्ट्र क्षेत्रातच दुसऱ्या कंपनीकडे न्यायला तीन कामकाजी दिवस लागतात, आणि मुंबई क्षेत्रात न्यायला पाच.